चंद्राला ओवाळताना

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी चंद्राला ओवाळते. ज्या बहिणींना भाऊ नाही त्यांनी चंद्राला ओवाळावे, अशी आपल्याकडे रीत आहे. द्वितीयेची कोर फार वेळ थांबत नाही. सूर्य बुडाला की पश्चिमेला, घरांच्या आणि झाडांच्या डोक्यावर ती घटकाभर दिसते आणि लगेच खाली उतरते. म्हणून ताम्हण आधीच भरून ठेवावे लागते. निरांजनात वात भिजलेली हवी, कुंकू-अक्षता हाताशी हव्यात, सुपारी शोधायला घरात धावता येत नाही. लहानपणी ह्या घाईची मला मोठी गंमत वाटे. पुढे कळू लागले तेव्हा ती गंमत गेली. कारण मला भाऊ नव्हता असे नाही. मला भाऊ होता.

तो ताईच्या पाठीवरचा आणि माझ्या आधीचा. १९७६ च्या श्रावणात जन्मला आणि दिवाळीच्या आधी गेला. अडीच महिन्यांचे आयुष्य! त्याचा फोटो नाही, कुंडली करायची राहून गेली, बारशाला ठेवलेले नावसुद्धा आमच्या घरात पुन्हा कोणी उच्चारले नाही. आई एवढेच सांगे, “सर्दी झाली, छाती भरली आणि तिसऱ्या दिवशी गेला.” आजीने पोटावर बिब्ब्याचे डाग दिले होते, ओव्याची पुरचुंडी शेकली होती, दृष्ट काढली होती. तालुक्याला न्यायचे ठरले तेव्हा एस. टी. निघून गेली होती. आजी म्हणाली, वारा लागला. वडील म्हणाले, नशीब. आई काहीच म्हणाली नाही. पण पुढची तीस वर्षे कोणाच्याही घरी तान्हे मूल शिंकले की तिच्या हातातले काम थांबे.

हे सारे मी दिवाळीच्या दिवसांत का सांगते आहे, असे वाचकांना वाटेल. त्याला कारण घडले २०२४ च्या भाऊबीजेला. आम्ही दोघी बहिणी ओवाळून आत येतो आहोत तोच अमेरिकेहून ताईच्या मुलीचा फोन आला. तिकडे सकाळ होती. फराळाच्या चौकश्या झाल्या आणि मग ती जरा चाचरत म्हणाली,

“मावशी, मला आठवा लागलाय ना, डॉक्टरीणबाई म्हणतात, एक लस घ्या, म्हणजे बाळाला पहिल्या हिवाळ्यात छातीचा त्रास व्हायचा नाही. घेऊ का गं?”

मी उत्तर देण्याआधीच ताई म्हणाली, “नको. पोटुशी बाईला सुई कशाला? धडधाकट आहेस, ते बाळ सुखरूप पदरात पडू दे. उगाच हात लावून काही होऊन बसायचं.”

“पण न घेऊन काही झालं तर, आई?”

ह्यावर ताई उठून आत गेली.

मी मराठी शिकवणारी मास्तरीण. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिते. विज्ञानाशी माझी ओळख मॅट्रिकच्या वर्गातच सुटली. भाचीने मला विचारले ते मी जाणती म्हणून नव्हे. मी लगेच उत्तर देणार नाही, हे तिला ठाऊक होते म्हणून. मी तिच्याकडून आठ दिवस मागून घेतले. त्या आठ दिवसांत जमेल तेवढे वाचले, आमच्या गावातल्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दोनदा जाऊन बसले, आणि जे कळले ते वहीत दोन रकान्यांत लिहीत गेले. एका बाजूला ‘घेतली तर’ आणि दुसऱ्या बाजूला ‘न घेतली तर’.

आधी रोगाविषयी. हा एक विषाणू आहे. त्याचे नाव रेस्पिरेटरी सिन्सिशिअल व्हायरस. डॉक्टरमंडळी आद्याक्षरे घेऊन त्याला आर. एस. व्ही. म्हणतात. १९५६ साली अमेरिकेत तो पहिल्यांदा सापडला, तोही सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. लवकरच रॉबर्ट चॅनॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो बाल्टिमोरच्या आजारी बाळांत मिळाला. तुम्हाआम्हांला तो होतो तेव्हा आपण दोन दिवस नाक पुसतो आणि विसरून जातो. दोन वर्षांचे होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मुलाला तो एकदा तरी गाठतोच. त्यांतली बहुतेक मुले सर्दी-खोकल्यावर निभावतात. खरा धोका पहिल्या काही महिन्यांत असतो. मोरीच्या नळीत बोटभर गाळ साचला तरी पाणी जाते. पण निरांजनातल्या वातीहूनही बारीक नळीला केसभर सूज आली तरी वाट बुजते. तान्ह्या बाळाच्या छातीतल्या शेवटच्या श्वासनलिका अशाच बारीक असतात. त्या सुजतात, चिकट कफाने भरतात. मग पोट उडू लागते, बरगड्यांखालची जागा श्वासागणिक आत ओढली जाते, नाकपुड्या फुलतात. बाळ अंगावर प्यायचे सोडते, कारण श्वास आणि घोट ही दोन्ही कामे त्याला एकदम झेपत नाहीत. विषाणूला मारणारे हुकमी औषध नाही. प्राणवायू द्यायचा, पोटात दूध किंवा शिरेतून पाणी जाईल असे पाहायचे, आणि बाळाचे शरीर जिंकेपर्यंत वाट बघायची, एवढेच इस्पितळाच्या हाती असते.

आकडे मी दुसऱ्या रकान्यात लिहिले. एकट्या २०१९ साली जगातल्या पाच वर्षांखालच्या सुमारे ३ कोटी ३० लाख मुलांच्या छातीपर्यंत हा विषाणू पोचला असा अंदाज आहे. त्यांतल्या सुमारे ३६ लाखांना इस्पितळात ठेवावे लागले आणि एक लाखाच्या वर मुले दगावली. दगावलेल्यांत पंचेचाळीस हजारांहून अधिक बाळे सहा महिन्यांच्या आतली होती. वहीत हे लिहिताना माझी लेखणी जराशी अडली. माझा भाऊ नेमक्या कोणत्या जंतूने गेला हे कोणी तपासले नव्हते, आणि आता ते कोणाला कळणारही नाही. पण ऋतू तोच, वय तेच, आणि पोट उडणेही तेच.

मग पहिला रकाना भरायला घेतला आणि त्यात सर्वांत आधी एक अशी हकीकत आली की ती वाचून मला दोन दिवस काही सुचले नाही.

१९५५ साली पोलिओची लस निघाली होती. फॉर्मॅलिन नावाच्या द्रवाने विषाणू मारायचा आणि तो मेलेला विषाणू टोचून शरीराला शत्रूची ओळख करून द्यायची, ही त्यामागची युक्ती. तीच युक्ती ह्या विषाणूवर करून पाहावी असे अमेरिकेतल्या संशोधकांना वाटले. लस तयार झाली, आणि १९६५-६६ च्या सुमारास ती तान्ह्या मुलांना टोचण्यात आली. त्यांच्या रक्तात प्रतिपिंडेही दिसली. सारे ठीक चालले आहे असे वाटत असतानाच नेहमीप्रमाणे हिवाळ्यात विषाणूची साथ आली, आणि उलटेच झाले. वॉशिंग्टनमधल्या एका गटात, लस न घेतलेल्या ज्या मुलांना हा विषाणू लागला त्यांच्यांतल्या शंभरी पाचांना इस्पितळात न्यावे लागले. लस घेतलेल्यांतल्या शंभरी ऐंशींना न्यावे लागले. त्यांतली दोन मुले मरण पावली. एक चौदा महिन्यांचे होते, दुसरे सोळा महिन्यांचे. जिने वाचवायचे तिनेच वाट दाखवली होती.

त्या दोन आयांचा विचार माझ्या मनातून जाईना. त्यांनी मूल दवाखान्यात नेले ते त्याच्या भल्यासाठी. घरात बसून राहिल्या असत्या तर कदाचित ती मुले आज साठीच्या घरात असती. मग ताई म्हणते तेच खरे नव्हे का? उगाच हात लावू नये. जे व्हायचे ते होईल, पण निदान आपल्या हातून होणार नाही.

इथे मला थांबून विचार करावा लागला, कारण प्रश्न लसीचा राहिला नव्हता. आपल्या मनाचा एक जुना हिशेब आहे. आपल्या हातून झाले ते आपले पाप. आपण हात न लावता झाले ते दैव. वाऱ्याने नेलेल्या मुलासाठी आपण रडतो, सुईने गेलेल्या मुलासाठी जन्मभर स्वतःला खात राहतो. मूल दोन्हीकडे गेलेले असते, त्याला ह्या फरकाचा काही उपयोग नाही. हा फरक आपल्यासाठी आहे. पण म्हणून तो खोटा आहे, असे मात्र मला म्हणता येत नाही. माणसाचा हात ही काही साधी गोष्ट नव्हे. जो हात लावतो त्याने आधी जाणून घेतले पाहिजे, सावध असले पाहिजे, आणि चुकल्यास उत्तर दिले पाहिजे. हे बंधन वाऱ्यावर नाही. ते सैल सोडून चालत नाही, विशेषतः जिथे समोरचा जीव ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणू शकत नाही. त्या वर्षांतल्या प्रयोगांपैकी एक तर निराधार मुलांच्या संस्थेत झाला होता. आज तसे करायला कोणी धजावणार नाही, धजावू नयेच.

तरीपण शाळेच्या आवारातल्या विहिरीच्या काठावर एखादे पोर वाकलेले मला वर्गाच्या खिडकीतून दिसले आणि मी जागची हलले नाही, तर पुढे “मी काही त्याला ढकलले नाही” असे मला म्हणता येईल काय? म्हणता येईल, पण मग मी शिक्षिका राहणार नाही. ज्याचे रक्षण आपल्याकडे सोपवलेले असते त्याच्या बाबतीत स्वस्थ बसणे हाही एक निर्णयच असतो आणि त्याचाही जाब आपल्यालाच द्यावा लागतो. आई-बाप होणे म्हणजे दैवाच्या मागे लपण्याचा हक्क सोडून देणे.

१९६६ च्या त्या हकीकतीत मला पुढे आणखी काही दिसले. ज्यांनी लस केली आणि टोचली त्यांनीच १९६९ साली सगळा प्रकार, मृत्यूंसकट आणि आकड्यांसकट, स्वतःच्या नावाने छापून जगापुढे ठेवला. त्यात चॅनॉकही होते. ती लस तिथेच थांबली. त्यानंतर कितीतरी वर्षे ह्या विषाणूवर लहान मुलांसाठी लस करण्याचे धाडस फारसे कोणी केले नाही, आणि ज्यांनी केले त्यांनी आधी एकच प्रश्न विचारला: ती मुले का आजारी पडली? त्या दोन बाळांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अनेक दशकांनंतर पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. चॅनॉक २०१० साली वारले. गरोदर आईला देण्याची लस निघालेली त्यांना पाहता आली नाही.

उत्तराचा मोठा भाग २०१३ साली मिळाला. ह्या विषाणूच्या अंगावर एक प्रथिन असते. त्याच्या साहाय्याने तो आपल्या पेशीला चिकटून आत शिरतो. शिरताना ते प्रथिन आपला आकार बदलते, जशी मिटलेली छत्री वाऱ्याने उघडून उलटी व्हावी. जुन्या लसीतल्या मेलेल्या विषाणूवर मुख्यतः उलटी झालेली छत्री होती. शरीर त्या उलट्या छत्रीला ओळखायला शिकले. खरा विषाणू आला तो मिटलेली छत्री घेऊन. अशी प्रतिपिंडे त्याला अडवू शकली नाहीत, उलट त्यांच्याच गर्दीने छातीत दाह वाढला. अमेरिकेतले जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मिटलेली छत्री पाहिली आणि ती उलटणार नाही अशी जागच्या जागी बांधून टाकली. २०२० साली करोनाच्या लसी इतक्या लवकर निघाल्या, त्यांतल्या कित्येकांमागे हीच छत्री बांधण्याची युक्ती होती. म्हणजे त्या दोन अनामिक मुलांचे ऋण तुमच्या-माझ्या दंडावरही आहे.

ह्यातून दोन उपाय निघाले. एक म्हणजे बाळाला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन द्यायचे. तशी एक तजवीज १९९८ पासून होती, पण ती दर महिन्याला टोचावी लागे आणि फार महाग होती. त्यामुळे दिवस पुरे न भरलेल्या किंवा हृदयाचे दुखणे असलेल्या बाळांपुरतीच राहिली. नवीन प्रतिपिंड, ज्याचे नाव निर्सेविमॅब, एकदा टोचले की पाचएक महिने पुरते. स्पेनच्या गॅलिसिया प्रांतात २०२३ च्या शरद ऋतूत ते सरसकट सगळ्या तान्ह्या बाळांसाठी उपलब्ध केले. शंभरांतल्या नव्वदांहून अधिक आईबापांनी ते घेतले, आणि ज्या बाळांना ते मिळाले त्यांच्यांत ह्या विषाणूपायी इस्पितळात जाण्याचे प्रमाण सुमारे ८० टक्क्यांनी कमी झाले.

दुसरा उपाय आईकडून जातो. शेवटच्या महिन्यांत आई आपल्या रक्तातली प्रतिपिंडे वारेतून बाळाला देत असते. जन्माला येताना प्रत्येक मूल ही शिदोरी घेऊनच येते. आईला लस दिली की शिदोरीत ह्या विषाणूपुरती भर पडते. सुमारे सात हजारांवर गरोदर स्त्रियांवर, अठरा देशांत ही लस पारखली गेली. बाळाच्या पहिल्या तीन महिन्यांत गंभीर आजार ८२ टक्क्यांनी आणि सहा महिन्यांत ६९ टक्क्यांनी कमी झाला. २०२३ साली तिला मान्यता मिळाली.

दुसरी बाजूही मी वहीत लिहिली होती. गरोदर स्त्रियांसाठीच केलेली दुसऱ्या एका कंपनीची लस २०२२ साली चाचणीतच थांबवावी लागली, कारण ती घेतलेल्यांत दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाण अधिक दिसले. मान्यता मिळालेल्या लसीतही असा थोडासा फरक होता. तो इतका लहान होता की योगायोगानेही पडू शकेल. पण जुन्या धड्याने शहाण्या झालेल्या अमेरिकेने तो नजरेआड केला नाही. बत्तिसाव्या आठवड्यानंतर आणि छत्तिसावा संपायच्या आत, तेही साथीचे दिवस जवळ आले असताना, अशी मर्यादा तिथे घातली. आई घेणार नसेल तर जन्मल्यावर बाळाला प्रतिपिंडांचे इंजेक्शन, म्हणजे दोहोंपैकी एक पुरे. भाचीला तेहतिसावा आठवडा होता.

आठव्या दिवशी ताई माझ्याकडे आली. मी तिला वही वाचून दाखवली. १९६६ ची हकीकतही गाळली नाही. ती ऐकून ती म्हणाली, “बघ! मी म्हणत नव्हते?”

“ताई,” मी म्हटले, “हिच्या वेळी तू दंडावर दोन सुया घेतल्या होत्यास.”

“त्या धनुर्वाताच्या. त्या सगळ्याच घेतात.”

“त्यासुद्धा तुझ्या दंडातून हिच्यासाठीच होत्या. पूर्वी आपल्याकडे नाळ कापताना किती बाळं धनुर्वातानं जायची! २०१५ साली आपला देश त्या संकटातून सुटला असं जगानं मान्य केलं. आयांनी दंड पुढे केले म्हणून.”

ताई बराच वेळ गप्प राहिली. चहा निवून गेला. मग ती खाली बघत म्हणाली,

“तुला ठाऊक नाही. तेव्हा मी पहिलीत होते. शाळेतून सर्दी घेऊन आले होते. आई नको म्हणत असतानासुद्धा मी त्याचा पापा घेतला. तो गेल्यावर आजी म्हणाली, हिचीच सर्दी बाळाला बाधली. आईनं तिला गप्प केलं. पण मी ऐकलं होतं.”

अठ्ठेचाळीस वर्षे ही बाई हे वाक्य उराशी घेऊन चंद्राला ओवाळत होती. मी तिची सख्खी बहीण, माणसांची मने उलगडून कादंबऱ्या लिहिणारी. मला त्याचा पत्ता नव्हता. ‘उगाच हात लावू नकोस’ ह्या तिच्या बोलण्यात अडाणीपणा नव्हता. ज्याला एकदा सांगितले गेले आहे की तुझ्या हाताने घात झाला, तो हात पुन्हा पुढे करायला धजत नाही, एवढेच त्यात होते.

मी तिला वहीतले आणखी एक पान दाखवले. केनियातल्या किलिफी भागात संशोधकांनी घराघरांतून तपासले की तान्ह्या बाळापर्यंत हा विषाणू आणतो कोण. बहुतेक वेळा तो घरातलाच कोणी, आणि बरेचदा शाळेत जाणारे थोरले भावंड असल्याचे आढळले. सगळ्या जगात हेच चालले आहे. लाखो थोरली भावंडे मायेने तान्ह्यावर ओणवतात. त्यांत कोणाचा दोष आहे? ज्याला आपण काय वाहून नेतो आहोत हे कळत नाही, ज्याच्या हाती ते थोपवायचे साधन नाही, त्याच्याकडे जाब मागता येत नाही. जाब मागायचा तो ज्यांना कळते आणि ज्यांच्या हाती साधन आहे, त्यांच्याकडे. १९७६ साली आपल्या घरात असे कोणी नव्हते. आज आहे.

त्या रात्री भाचीला मी दोन्ही रकाने वाचून दाखवले. ‘घे’ असे म्हटले नाही. दंड तिचा, मूल तिचे. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, डॉक्टरीणबाईंशी पुन्हा बोलते म्हणाली, आणि चौतिसाव्या आठवड्यात तिने लस घेतली. डिसेंबरात, दिवस भरून, मुलगा झाला.

आता कादंबरीकाराची अडचण सांगते. त्या हिवाळ्यात काय घडले? फेब्रुवारीत मुलाला सर्दी झाली, चार दिवस खोकला, पाचव्या दिवशी हसू लागला. संपली गोष्ट. ती सर्दी ह्याच विषाणूची होती की दुसऱ्या कुठल्या, लस नसती तर काही झाले असते की नसते, हे कोणीही सांगू शकणार नाही. ‘लसीने वाचवले’ असे मी लिहिले तर ते खोटे होईल. इस्पितळाच्या पायऱ्या, प्राणवायूची नळी, दाराशी बसलेली आई, ह्यांवर मला वीस पाने लिहिता येतात. पण जे घडले नाही त्यावर एक ओळ लिहिता येत नाही. मरणाच्या दारातून मूल ओढून आणणाऱ्या डॉक्टरांच्या लोक पाया पडतात. ज्या मुलाला त्या दारापर्यंत जावेच लागले नाही, त्याच्यासाठी कोणाच्या पाया पडायचे? आपल्याकडे संकटनिवारणाचे नवस फेडतात. न आलेल्या संकटाचा नवस कोणी फेडल्याचे मी ऐकले नाही. म्हणूनच प्रतिबंधाचे महत्त्व माणसाला पटवावे लागते, आपोआप पटत नाही. आणि म्हणूनच हिशेब एका घरात करून भागत नाही, तो हजारो पाळण्यांचा करावा लागतो.

तो हिशेब करू लागले की आपल्याच महाराष्ट्राकडे वळावे लागते. मी वर दिलेल्या एक लाखावर मृत्यूंपैकी शंभरी सत्त्याण्णव गरीब आणि मध्यम देशांत झाले, आणि त्यांतले बहुसंख्य इस्पितळाच्या बाहेर. अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात डॉ. आशीष सातव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेड्याखेड्यांतून दोन वर्षांखालच्या मुलांमधल्या ह्याच विषाणूचा मागोवा घेतला. तो २०२१ साली प्रसिद्ध झाला. त्याच मेळघाटात आजारी बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची, ‘डंबा’ देण्याची रीत आहे. आपण शहरातली माणसे त्याला हसतो. मी हसू शकत नाही. माझ्या भावाच्या पोटावर बिब्ब्याचे डाग होते. आजीला काहीतरी करायचे होते आणि तिच्या हाती तेवढेच होते. रित्या हातांना बोल लावण्याआधी त्यांत काय ठेवायचे ते आपण पाहिले पाहिजे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ते पाहिले. अक्षरओळख नसलेल्या सुईणींनाही बाळाचे श्वास मोजता यावेत म्हणून त्यांनी मण्यांचे आणि वाळूच्या घड्याळाचे एक साधे साधन केले, गावातल्या माणसांना न्यूमोनिया ओळखायला आणि औषध द्यायला शिकवले. आणि तिथले बालमृत्यू घटले, हे १९९० साली जगाने वाचले. त्यांचे औषध जिवाणूंवर होते, विषाणूवर नव्हे. पण ज्याच्या दारात डॉक्टर येत नाही त्याच्या दारात ज्ञान जाऊ शकते, हे त्यांनी दाखवले.

माझ्या भाचीपुढे प्रश्न होता, ‘घेऊ की नको?’ तो प्रश्न पडणे हीसुद्धा एक श्रीमंती आहे. नवे उपाय आधी श्रीमंत देशांत पोचले. २०२५ साली जागतिक आरोग्य संघटनेने सगळ्याच देशांना शिफारस केली की आईला लस किंवा बाळाला प्रतिपिंडे, यांपैकी काही तरी द्यावे. शिफारस कागदावर असते. पाळणा मेळघाटात असतो. ह्या दोहोंमधले अंतर हाच आता खरा नैतिक प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर एकट्या आईने द्यायचे नाही. साधन ज्ञात असून, ते परवडत नाही म्हणून जिथे मूल जाते, तिथे ‘नशीब’ हा शब्द वापरायचा हक्क आपण गमावलेला असतो.

तोवर जे प्रत्येकाच्या हाती आहे ते तरी करावे. ह्या दिवाळीत तुमच्या घरी कोणाची पहिली दिवाळी असेल. पाहुणे येतील, प्रत्येकाला बाळ घ्यायचे असेल. सर्दी झालेल्याने लांबूनच आशीर्वाद द्यावा, त्यात मानापमान नाही. हात धुऊन बाळ घ्यावे, तोंडाजवळ तोंड नेऊ नये. चुलीचा, विडीचा आणि फटाक्यांचा धूर त्याच्यापासून दूर ठेवावा. त्याला आईचे दूध मिळू द्यावे. आणि बाळ शांत असताना घड्याळ लावून त्याचे श्वास मोजायला शिकून ठेवावे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक झाले, छाती आत ओढू लागली किंवा पिणे सुटले, तर शेक नको, डाग नको, आणि सकाळची वाटही पाहू नये. थोरल्या भावंडांना मात्र रागावू नका. त्यांना कारण समजावून सांगा आणि बाळाच्या पायांना हात लावू द्या. मुलांना कारण कळले की ती आपल्यापेक्षा चांगली राखण करतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

येत्या भाऊबीजेला ताई आणि मी पुन्हा गच्चीवर जाऊ. ताईने ह्या वेळी एक नवे सांगून ठेवले आहे. ओवाळताना ती त्याचे नाव घेणार आहे. ते तिच्या एकटीच्या लक्षात आहे. भाचीलाही तिने बजावले आहे की मुलाला घेऊन वेळेवर फोन कर. कोर घटकाभरच दिसते. ताम्हण आम्ही दुपारीच भरून ठेवू.